लोणा लागलेल्या भिंती

वसईच्या किल्ल्यात जुन्या भिंतीच्या दरजेत बोट घातलं, तर कुठे कुठे चुना भुरभुरत हातावर येतो. दगड तसाच, दरज मात्र आत गेलेली. चिमाजी अप्पांच्या फौजेने 1739 साली हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हाच इथलं काही बांधकाम जुनं झालेलं होतं. एवढी वर्षं टिकलेला चुना आता का सुटतो?

चुनखडी किंवा शिंपले सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि दगडासारखा होतो. ही क्रिया बाहेरून आत आणि फार सावकाश होते. जाड तटाच्या पोटात कच्चा चुना कित्येक वर्षं राहतो. भिंतीला बारीक तडा गेला तर पाण्यात विरघळलेला चुना तिथे साठून तडा बुजवतो. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

मात्र तेच पाणी सतत झिरपलं तर चुना धुऊन नेतं. कमानींखाली उतरलेल्या पांढऱ्या धारा हा त्याचाच पुरावा. शहरात धुरातला गंधक चुन्याचं जिप्सम करतो, आणि जिप्सम पाण्यात शंभरपटीहून जास्त विरघळतं. पिंपळाची मुळं तर उघड दिसतातच.

किनाऱ्यावरचा खरा वैरी मीठ. समुद्राचे तुषार आणि जमिनीतून चढणारी ओल ते भिंतीत आणतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर असेल तर साधं मीठ विरघळलेलं राहतं. ती त्याखाली उतरली की मिठाचे स्फटिक होतात आणि चुन्याच्या छिद्रांना आतून रेटतात. हाच लोणा. म्हणून भर पावसापेक्षा पावसानंतरचे महिने जास्त वाईट. दुपारी हवा कोरडी, रात्री दमट. मिठाचे पुन्हा पुन्हा स्फटिक होतात, ते विरघळतं आणि दरज पोखरत जातं.

पण चुना झिजत असतो तेव्हा तो दगड-विटेचा मार स्वतःवर घेत असतो. झिजलेली दरज पुन्हा भरता येते, जांभ्याचा फुटलेला चिरा भरून येत नाही. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 सालचं. हे सिमेंट जुन्या चुन्याहून कडक आणि कमी सच्छिद्र. सिमेंटने दरजा लिंपल्या की ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती सच्छिद्र विटेत, जांभ्यात शिरते आणि लोणा तिथे धरतो. वरून भिंत चकचकीत, आतून पोपडे. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीतली ही सर्वांत महागडी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या गावातला वाडा किंवा देऊळ दुरुस्तीला निघालं, तर सिमेंटची गोणी फोडण्याआधी जुन्या दरजेतला एक खडा जाणकाराकडून तपासून घ्या. नवा चुना जुन्याहून कडक नको, आणि तो आवळेपर्यंत ओलसर ठेवायला गवंड्याला पुरेसे दिवस द्या.