विश्लेषण : सर्दी-फ्लूचा विषाणू हातातून पसरतो की हवेतून?

‘पावसात भिजलास, म्हणून सर्दी झाली,’ हे वाक्य पावसाळ्यात घरोघरी ऐकू येते. पण पावसाच्या पाण्यातून सर्दी किंवा फ्लूचा विषाणू येत नाही. तो आपल्याला मिळतो दुसऱ्या माणसाकडून. महाराष्ट्रात फ्लूचे रुग्ण पावसाळ्यात वाढतात हे खरे. मात्र याच दिवसांत घर, वर्ग, बस यांच्या खिडक्याही बंद असतात, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

बंद हवा किती घातक?

शिंकेतले मोठे थेंब एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात. श्वासातून, बोलण्यातून निघणारे सूक्ष्म कण मात्र कोंदट जागेत बराच वेळ तरंगतात. १९७७ मध्ये अलास्कात इंजिनातील बिघाडामुळे एक विमान सुमारे तीन तास जमिनीवरच अडकले. आत ५४ जण, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद आणि एका प्रवाशाला फ्लू. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले.

मग हात धुण्याचे काय?

विस्कॉन्सिन विद्यापीठाचा १९८७ मधील प्रयोग मजेशीर आहे. सर्दी झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांना १२ तास एकत्र पत्ते खेळायला बसवले. काही निरोगी खेळाडूंचे हात चेहऱ्यापर्यंत पोहोचूच नयेत अशी व्यवस्था केली. तरीही त्यांना इतरांइतकीच लागण झाली. उलट, रुग्णांनी हाताळलेले पत्ते दुसऱ्या खोलीतल्या निरोगी लोकांना खेळायला दिले, तेव्हा तिथे एकालाही सर्दी झाली नाही.

याचा अर्थ साबण फेकून द्यावा असा नाही. बोटांवरचा विषाणू नाका-डोळ्यांत गेला तर सर्दी होते, हे इतर प्रयोगांत दिसले आहे. पण फक्त हात धुऊन खिडक्या बंद ठेवणे, ही अर्धीच काळजी झाली.

रुग्णाने घरी कधी थांबावे?

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरवू लागतो. पहिले तीन-चार दिवस सर्वाधिक. त्यामुळे तापाची गोळी देऊन मुलाला शाळेत पाठवले, की ताप उतरतो, संसर्ग मात्र वर्गात पोहोचतो. घरातले आजी-आजोबा, गर्भवती, मधुमेही आणि दमेकरी यांना हाच फ्लू गंभीर आजारी पाडू शकतो. औषधाशिवाय ताप उतरून २४ तास होईपर्यंत मुलाला घरीच ठेवावे. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. उरलेली जुनी पाकिटे शोधू नयेत.