काळा दगड : आपल्या भूमीचे बांधकामधन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात घर, शाळा वा ख्रिस्तमंदिर बांधावयाचे म्हटले की आज प्रथम सिमेंट व सळईचा हिशेब होतो. पायाखालच्या काळ्या दगडाची आठवण होते ती बहुधा खडीपुरतीच. हा दगड घडवून भिंतीत वापरण्याची परंपरा पुन्हा जोपासली जावी, असे आम्हांस वाटते. त्याची कारणे येथे मांडीत आहोत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. बेसाल्ट हा आपला काळा पाषाण त्यातूनच निर्माण झाला. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने दगडात बांधून घेतलेला नगरचा भुईकोट किल्ला आणि १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे दगडी धरण ही त्याच्या टिकाऊपणाची साक्ष होय.

दगडी घराविषयी लोकांच्या मनात भीती आहे आणि ती निराधार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. परंतु तेथे मुख्य दोष होता तो बांधणीचा. अनघड दगड मातीत रचलेले होते, भिंतीचे आतील व बाहेरील पदर एकमेकांशी जोडलेले नव्हते आणि वर धाब्याचा जड भार होता. म्हणून दगड घडीव असावा, भिंतीच्या जाडीतून आरपार जाणारे दगड ठराविक अंतराने बसवावेत, मसाला चुन्याचा वा सिमेंटचा असावा आणि जोत्यावर, दारे-खिडक्यांवर व छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे द्यावेत. अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून काम आरंभू नये.

काळा दगड कठीण असल्याने घडाईची मजुरी अधिक पडते, हे खरे. मात्र तो पैसा वडार, बेलदार व पाथरवट कुटुंबांच्या हाती, आपल्याच परिसरात राहतो. शिवाय सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. जवळच्या खाणीतील घडीव दगडास भट्टी लागत नाही.

अर्थात, दगड हवा म्हणून डोंगर ओरबाडणे योग्य नव्हे. दगड परवानगी असलेल्या व स्वामित्वधन भरणाऱ्या खाणीतूनच घ्यावा. कामगारांस धुळीपासून संरक्षण मिळते काय आणि संपलेल्या खाणीस कुंपण घातले आहे काय, हेही पाहावे. पाण्याने भरलेली उघडी खाण मुलांच्या जिवावर बेतते.

आरंभ लहान कामापासून करता येईल. धर्मग्रामातील पुढील कुंपणभिंत, जोते किंवा मतमाउलीचा ग्रोटो स्थानिक दगडात बांधावा. जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये, कारण त्यामुळे ओल आत कोंडते; दर्जा चुन्यानेच भरावा. जाणता पाथरवट आज गावात असेल, तर एखादा तरुण त्याच्या हाताखाली द्यावा. दगड भूमीत राहील. तो घडविणारा हात मात्र एकदा गेला की परत मिळणार नाही.