शिफारस-शुल्काची नीती : घरखरेदीतील दलाल, सेवापुरवठादार आणि ग्राहक

प्रस्तावना :

घराची खरेदी हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो आणि तो करणारी व्यक्ती त्या व्यवहारात जवळजवळ नेहमीच नवखी असते. दलालाने मात्र असे व्यवहार शेकड्यांनी पाहिलेले असतात. म्हणून सदनिका पसंत पडली की खरेदीदार पुढचे प्रश्न त्यालाच विचारतो. मालकीहक्काचा शोध घेण्यासाठी वकील कोणता गाठावा, कर्ज कोणत्या बँकेकडून घ्यावे, दस्तनोंदणीचे काम कोण करून देईल, रंगकाम कोणाकडे सोपवावे? दलाल एक नाव सुचवतो आणि बहुतेक वेळा तेच नाव कायम होते. या सुचवण्याबद्दल दलालाच्या कार्यालयाला समोरच्या सेवापुरवठादाराकडून जो मोबदला मिळतो त्यास प्रस्तुत लेखात ‘शिफारस-शुल्क’ असे म्हटले आहे. मोबदला रोख असेल, टक्केवारीत असेल, वा ‘तुम्ही आमच्याकडे पाठवा, आम्ही तुमच्याकडे पाठवू’ अशा देवाणघेवाणीचाही असेल.

वैद्यकीय व्यवसायातील अशा व्यवहारास आपल्याकडे ‘कट प्रॅक्टिस’ हे रूढ नाव आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनी रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे निषिद्ध ठरवले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये त्याविरुद्धच्या कायद्याचा मसुदा करण्यासाठी समितीही नेमली होती. स्थावर मालमत्तेच्या क्षेत्रातील त्याच प्रकारच्या व्यवहाराची मात्र फारशी चर्चा होत नाही. रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो तसा येथे होत नाही, हे त्यामागील कारण असावे. तथापि आयुष्यभराची बचत आणि पुढील वीस वर्षांचे वेतन ज्या व्यवहारात गुंतते त्यातील सल्ला विकत घेतलेला आहे किंवा नाही, हा प्रश्न गौण मानता येणार नाही. (महाविद्यालयीन प्राध्यापक हा गृहकर्जाचा हक्काचा ग्राहक समजला जातो, तेव्हा हा विषय वाचकवर्गास अगदीच परका नसावा.)

शिफारस आणि शुल्क :

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की शिफारस ही स्वतः दोषास्पद नाही. शहरातील कोणता वकील जुने दस्त काळजीपूर्वक वाचतो, कोणती बँक कागदपत्रांसाठी महिनाभर फेऱ्या मारायला लावते, याचे ज्ञान दलालाजवळ असते आणि ते ग्राहकास उपयोगी पडते. त्याचप्रमाणे दलालाने प्रत्यक्ष काही काम केले असेल, उदाहरणार्थ कर्जासाठीची कागदपत्रे गोळा करून दिली असतील, तर त्या कामाचा मोबदला घेण्यातही गैर काही नाही. प्रश्न उद्भवतो तो केवळ ‘ग्राहक पाठवला’ एवढ्याच गोष्टीचे पैसे घेतले जातात तेव्हा.

त्यातील दोष कोणता? दलाल नाव सुचवतो तेव्हा ऐकणारा ते अनुभवी माणसाचे निःस्वार्थ मत म्हणून ऐकतो. वस्तुतः ती एक विक्री असते. दुकानदाराने आपल्या मालाची स्तुती केली तर गिऱ्हाईक ती दुकानदाराची म्हणूनच ऐकते आणि तिची योग्य ती किंमत करते. येथे मात्र ऐकणाऱ्याला आपण गिऱ्हाईक झालो आहोत याची जाणीवच नसते. शुल्काची रक्कम लहान की मोठी हा मुद्दा त्यानंतरचा आहे.

तरीही रकमेचा विचार करणे उद्बोधक ठरते. समजा, ५० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी घ्यावयाचे आहे. व्याजदर साडेआठ टक्के असेल तर मासिक हप्ता सुमारे ४३,३९० रुपये येतो. पावणेनऊ टक्के असेल तर सुमारे ४४,१८५ रुपये. महिन्याचा फरक आठशेच्या आत आहे. तो बहुधा कोणी मोजत नाही. परंतु व्याजदर तसाच राहिला तर २० वर्षांत हा फरक सुमारे १ लाख ९० हजारांवर जातो. दुसऱ्या कर्जसंस्थेने दलालाला कर्जाच्या अर्धा टक्का, म्हणजे २५ हजार रुपये देऊ केले, तर दलालाच्या २५ हजारांसाठी ग्राहकाचे पावणेदोन लाखांहून अधिक नुकसान होऊ शकते. हे उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील प्रमाण कल्पित नाही. शिफारस करणाऱ्याचा लाभ व ग्राहकाची हानी या दोन रकमा एकमेकींशी बांधलेल्या नसतात.

उलटी स्पर्धा : अमेरिकेचा अनुभव

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ कायदेशीर अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांजवळ आहे. तेथे गृहकर्ज देणाऱ्या संस्था बहुधा मालकीहक्काचा विमा घेण्याची अट घालतात. हा विमा घर घेणारा आयुष्यात एकदोनदाच विकत घेतो, त्याची किंमत घराच्या किमतीच्या मानाने लहान असते आणि व्यवहाराच्या धावपळीत तो कोणाचा घ्यावा हे दलाल किंवा कर्जसंस्था सुचवते. परिणामी विमा कंपन्यांच्या ध्यानात आले की ग्राहकास कमी दर देऊन धंदा वाढत नाही. शिफारस करणाऱ्यास अधिक देऊन मात्र तो निश्चित वाढतो. अर्थशास्त्रीय चर्चेत यास ‘उलटी स्पर्धा’ असे म्हणतात. सर्वसाधारण स्पर्धेत किंमत खाली येते. उलट्या स्पर्धेत जितके स्पर्धक अधिक तितका शिफारस करणाऱ्यांवरील खर्च अधिक आणि तो अखेरीस ग्राहकाच्याच देयकात उतरतो. ‘बाजारच सगळे ठीक करील’ हे आश्वासन येथे लागू पडत नाही, याचे कारण हे असे आहे.

यावर उपाय म्हणून १९७४ मध्ये तेथील काँग्रेसने स्थावर मालमत्तेच्या व्यवहारपूर्तीसंबंधी एक अधिनियम संमत केला. त्याच्या आठव्या कलमानुसार संघराज्याच्या कक्षेतील गृहकर्जाच्या व्यवहारात शिफारशीच्या मोबदल्यात ‘कोणतीही मूल्यवान वस्तू’ देणे वा घेणे हा गुन्हा आहे. त्यास १० हजार डॉलरपर्यंत दंड व एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद असून ग्राहकास दिलेल्या शुल्काच्या तिप्पट रक्कम मागता येते. ‘मूल्यवान वस्तू’ ही संज्ञा मुद्दाम व्यापक ठेवलेली आहे. मेजवानी, सहल, जाहिरातीचा खर्च उचलणे हे सारे तिच्यात बसू शकते. प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या मोबदल्यास मात्र सूट आहे. तसेच एका दलालाने दुसऱ्या दलालास ग्राहक देऊन दलाली वाटून घेणे यासही सूट आहे. १९८३ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट मोकळी केली. दलालाच्या कार्यालयाची सेवापुरवठादार संस्थेत मालकी असेल, तर ती गोष्ट ग्राहकास लेखी कळवून व सक्ती न करता शिफारस करता येते.

ही वाट पुढे बरीच रुंद झाली, असे म्हणावे लागते. शुल्काला बंदी असल्याने ‘संयुक्त जाहिरात करार’ आले. पाठवलेल्या ग्राहकांचे पैसे जाहिरातीच्या नावाने देता येऊ लागले. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ च्या अहवालात हक्कविम्याच्या बाजारातील ग्राहकाचे शिफारशींवरील अवलंबित्व आणि देखरेखीतील उणिवा यांकडे लक्ष वेधले. २०११ पासून या कायद्याची अंमलबजावणी ग्राहक वित्त संरक्षण विभागाकडे आली. त्या विभागाने २०१५ मध्ये जाहिरात करारांविषयी कडक इशारा देणारे परिपत्रक काढले आणि २०२० मध्ये ते मागे घेतले. कायद्याचे शब्द तेच राहिले. त्याची धार मात्र अंमल करणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे कमीअधिक होत राहिली.

इंग्लंडने वेगळा मार्ग धरला. तेथील सॉलिसिटरांवरील शिफारस-शुल्काची बंदी २००४ मध्ये उठली. पुढे शारीरिक इजेच्या दाव्यांपुरती ती २०१३ पासून पुन्हा आली. घराच्या हस्तांतरणाच्या कामात मात्र ‘शुल्क चालेल, पण ते अशिलास सांगा’ हे तत्त्व कायम आहे.

सांगून टाकले की पुरे काय?

आपल्याकडेही पुष्कळांचे मत असेच असते की दलालाने शुल्क उघड केले म्हणजे नीतीचा प्रश्न संपला. हे मत आकर्षक आहे, परंतु तपासून पाहण्यासारखे आहे. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाईन व डॉन मूर या संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही व्यक्तींना बरणीतील नाण्यांची एकूण किंमत ओळखायची होती आणि बरणी जवळून पाहिलेले सल्लागार त्यांना सल्ला देत होते. काही सल्लागारांना, अंदाज जितका जास्त निघेल तितका मोबदला अधिक मिळणार होता. हा हितसंबंध उघड केल्यावर अंदाज करणाऱ्यांनी सल्ल्यातून थोडी वजावट केली, परंतु ती पुरेशी नव्हती. सल्लागारांनी मात्र ‘आता सांगून टाकले आहे’ या भावनेने की काय, सल्ला अधिकच फुगवला.

दलालाच्या कार्यालयात याचा अर्थ असा की, ‘त्या वकिलाकडून मला थोडे मिळते हं’ हे वाक्य ऐकून ग्राहक उलट अधिक विश्वास टाकण्याचा संभव असतो. माणूस प्रामाणिक आहे, असे त्याला वाटते. म्हणून प्रकटीकरण आवश्यक असले तरी ते सर्वत्र पुरेसे आहे असे मानता येत नाही. ते कोठे पुरते आणि कोठे पुरत नाही याचा निकष हवा.

तपासणारे आणि पुरवणारे :

प्रस्तुत लेखकाच्या मते तो निकष सेवेच्या स्वरूपातच आहे. रंगारी, सुतार, सामान हलवणारे हे व्यवहार झाल्यानंतर येतात. त्यांचे काम बरे की वाईट हे ग्राहकास डोळ्यांनी दिसते आणि त्यांच्या कामावर दलालाची दलाली अवलंबून नसते. येथे शुल्क उघड केले म्हणजे भागते. अमेरिकेच्या कायद्यानेही अशा सेवा सामान्यतः आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत.

हक्कशोध करणारा वकील व मूल्यनिर्धारक यांची गोष्ट मूलतः निराळी आहे. त्यांचे काम व्यवहार पुढे नेणे हे नसून, प्रसंगी तो थांबवणे हे आहे. साधारणतः ३० वर्षांचे दस्त, सातबारा, फेरफार, सूची क्रमांक २ पाहून ‘या जागेवर बहिणींचा हक्क सोडलेला दिसत नाही’ किंवा ‘भोगवटा प्रमाणपत्र नाही’ असे वकिलाने म्हटले की व्यवहार मोडतो आणि दलालाची दलाली बुडते. ज्याच्या नकाराने आपले नुकसान होते त्यास काम देणारा दलालच असेल, आणि प्रत्येक कामामागे वकिलाने त्यास काही द्यावयाचे असेल, तर तो नकार किती वेळा उच्चारला जाईल? येथे महाग सेवा मिळणे हा खरा धोका नाही. तपासणीच नाहीशी होते आणि तिचा अहवाल तेवढा हाती उरतो, हा खरा धोका होय. वकील सचोटीचा असला तरी ही रचना त्याच्या सचोटीवर रोज भार टाकते. या ठिकाणी प्रकटीकरण अपुरे आहे. शुल्क वर्ज्यच असले पाहिजे.

वकिलांच्या बाबतीत नियम आहेही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकील नसलेल्या व्यक्तीशी मोबदला वाटून घेण्याची कोणतीही व्यवस्था वकिलास करता येत नाही. अर्थात हा नियम वकिलास बांधतो, दलालास नाही.

कर्ज प्रतिनिधी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. तो उघडपणे विक्रेताच असतो. पण दलालाच्या तोंडून त्याचे नाव आले की तो सल्लागार भासतो.

भारतीय कायद्याची बाजू :

दलाल कोणाचा प्रतिनिधी, हा येथे कळीचा प्रश्न आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१६ नुसार अभिकर्त्याने मालकाच्या नकळत त्याच्या कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला लाभ मालकास मागता येतो. कलम २१५ च्या उदाहरणात मालकाची जमीन विकायला निघालेला अभिकर्ता तिच्यातील खाणीचा शोध लपवून ती स्वतःच विकत घेतो. शिफारस-शुल्क म्हणजे अशीच एक लहानशी खाण होय, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु त्यासाठी खरेदीदार हा ‘मालक’ ठरला पाहिजे. पुनर्विक्रीच्या व्यवहारात दलाल पुष्कळदा दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो; तेथे तो दोघांनाही उत्तरदायी आहे असा युक्तिवाद करता येतो. नव्या प्रकल्पात मात्र ‘चॅनल पार्टनर’ला विकासक पैसे देतो. खरेदीदार ‘आपल्याला दलाली पडली नाही’ म्हणून आनंदात असतो आणि त्याच कारणाने दलालही त्याचा नसतो.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने अभिकर्त्यांची नोंदणी सक्तीची केली. कलम १० ने त्यांच्यावर हिशेबवह्या ठेवण्याचे, अनुचित व्यापारी प्रथा टाळण्याचे आणि ग्राहकास मिळावयाची कागदपत्रे उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य घातले. महाराष्ट्रात महारेराने २०२३ मध्ये अभिकर्त्यांसाठी प्रशिक्षण व सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक केले. मात्र कलम १० मध्ये शिफारस-शुल्काचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे; जुन्या सोसायटीतील सदनिकेची पुनर्विक्री वा भाड्याचे व्यवहार करणारा दलाल तिच्याबाहेर राहतो. त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उरतो. त्यातील सेवात्रुटीच्या व्याख्येत संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचा समावेश झालेला आहे. दलाली घेणाऱ्याने आपले शिफारस-शुल्क दडवणे या व्याख्येत बसावे.

अडचण पुराव्याची आहे. असे शुल्क रोखीत फिरते किंवा परस्पर ग्राहक पाठवण्यात फिटते. नोंदणीकृत अभिकर्त्यांच्या बाबतीत कलम १० च्या हिशेबवह्यांत सेवापुरवठादारांकडून आलेल्या रकमांची वेगळी नोंद मागणे महारेरास अवघड नसावे. पुनर्विक्रीत मात्र खरेदीदाराच्याच हाती एक साधन आहे. दलाली ठरवतानाच, या व्यवहारात अन्य कोणाकडूनही आपण मोबदला घेणार नाही व घेतल्यास तो खरेदीदारास देऊ, एवढे एक वाक्य दलालाकडून लिहून घ्यावे. त्या वाक्याने दलाल खरेदीदाराचा अभिकर्ता असल्याचे म्हणणे बळकट होते. हक्कशोधाचा वकील मात्र दलालाने सुचवलेल्या यादीबाहेरचा असावा, आणि त्याचे शुल्क व्यवहार होवो वा मोडो, सारखेच ठरवलेले असावे.