आकाशात डुलणारा पंख

लांब बांबूचं एक टोक धरा आणि झटका द्या. दुसरं टोक किती तरी वेळ डुलत राहतं. आखूड काठीला तसाच झटका द्या, ती लगेच थांबते.

माणसानं आकाशात यानं सोडली आहेत. त्यांना लागणारी वीज उन्हापासून मिळते. त्यासाठी यानाला लांबरुंद पंख जोडतात. हे पंख उडण्यासाठी नव्हेत, ऊन झेलण्यासाठी. ते हलके हवेत, म्हणून पातळ करतात. मग ते डुलणारच! आणि पंख डुलला की यानही हलतं.

तो किती डुलतो ते आधी जमिनीवरच का मोजू नये? अडचण अशी की, इथं तो स्वतःच्या भारानं वाकतो. दोरांनी टांगला, तर दोरांमुळं त्याचं डुलणं बदलतं. शिवाय हवा त्याला अडवते. वर यानात भार जाणवत नाही, हवाही जवळजवळ नाही. तेव्हा खरी परीक्षा वरच.

ही परीक्षा १९८४ साली अमेरिकेच्या 'डिस्कव्हरी' यानात झाली. पंखाची घडी वीतभरही जाड नव्हती. ज्यूडिथ रेझ्निक या अंतराळवीर बाईंनी ती उलगडली. पंख झाला १०२ फूट उंच आणि १३ फूट रुंद! मग यानाची लहान इंजिनं क्षणभर पेटवून हलकासा धक्का दिला. पंख डुलू लागला.

आता मोजायचं कसं? वर फूटपट्टी कोण लावणार? पंखावर आधीच खुणा केलेल्या होत्या. कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी त्यांची चित्रं घेतली. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, अंतर चुकतं. दोन्ही डोळे उघडे असले की जमतं. तसंच हे. दोन बाजूंच्या चित्रांवरून खूण कुठं होती, किती सरकली, एका हेलकाव्याला किती वेळ लागला, हे गणितानं निघतं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. यान पृथ्वीच्या सावलीत शिरलं, की थंडीनं तो पंख वाकडा होई.

ऊन-सावलीचा हा खेळ पुढं 'हबल' दुर्बिणीला भोवला. ती १९९० साली वर सोडली. सुमारे दीड तासात ती पृथ्वीला एक फेरी घालते. दर फेरीत एकदा ऊन, एकदा काळोख. त्या बदलानं पंखांच्या काठ्या झटका देत आणि दुर्बीण थरथरे. हातातला कंदील हलला तर अक्षर नीट वाचता येतं का? दूरचे तारे पाहणाऱ्या दुर्बिणीला तर बारीक थरथरही जड. अखेर डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर वर गेले, आणि त्यांनी जुने पंख बदलून नवे बसवले. नव्या पंखांच्या काठ्यांना उष्णतेपासून जपणारं आवरण घातलेलं होतं.