स्तनाचा कर्करोग : नाव एक, रोग अनेक

आपल्या शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत जनुकांचा संच सारखाच असतो. मग यकृताची पेशी वेगळी आणि स्नायूची वेगळी, असे का? कारण प्रत्येक पेशी त्यांतली काही जनुकेच वापरते. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके सर्व वर्गांसाठी तीच असतात. कोणत्या वर्गाने कोणती वाचायला नेली, हे मात्र देवघेवीची वही पाहूनच कळते. पेशीतील अशी वही म्हणजे संदेशवाहक आरएनए. कार्यरत जनुकाच्या आरएनए-प्रती निघतात व त्यांवरून प्रथिने बनतात. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

२००० साली पेरू, ब्राउन, बॉटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी स्तनातील गाठींची ही वही वाचली. काचपट्टीवर ८,१०२ जनुकांच्या डीएनएचे ठिपके होते. गाठीतील आरएनएवरून डीएनए-प्रती बनवून त्यांना लाल, तर तुलनेसाठी घेतलेल्या पेशींच्या प्रतींना हिरवा रंग दिला. प्रत्येक प्रत आपल्या पूरक ठिपक्याला चिकटते. ठिपका जितका लाल, तितके ते जनुक गाठीत अधिक कार्यरत.

४२ व्यक्तींचे ६५ नमुने तपासले गेले. काही गाठींचे नमुने औषधोपचारापूर्वी आणि १६ आठवड्यांच्या उपचारानंतर, असे दोनदा घेतले होते. अशा बहुतेक जोड्या एकमेकींशीच सर्वाधिक जुळल्या. म्हणजे अभिव्यक्तीचा आकृतिबंध ही गाठीची टिकाऊ ओळख ठरली.

या ओळखीवरून गाठींचे गट पडले. एका गटात इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक जोमाने कार्यरत असते. या गाठी संप्रेरकाच्या इशाऱ्यावर वाढतात. टॅमॉक्सिफेन तो इशारा अडवते. दुसऱ्या गटात १७व्या गुणसूत्रावरील हर-२ जनुकाच्या जादा प्रती असतात व त्याचे प्रथिन पेशीपृष्ठावर दाटते. त्याला चिकटणारे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. तिसऱ्या, ‘बेसल’ गटात बहुधा ही दोन्ही लक्ष्ये नसतात. तेथे ही औषधे व्यर्थ. मुख्य भिस्त रसायनोपचारावर राहते.

म्हणूनच काढलेल्या गाठीच्या पातळ कापावर इस्ट्रोजेन-ग्राही, प्रोजेस्टेरॉन-ग्राही आणि हर-२ या प्रथिनांची चाचणी करतात. ही चाचणी टाळली, तर रुग्णाला निरुपयोगी औषध मिळू शकते आणि उपयोगी औषध राहून जाऊ शकते. ‘जनुक असणे’ आणि ‘जनुक कार्यरत असणे’ यांतला फरक वर्गात समजावताना याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.