कतारगामच्या शिळा आणि प्रकाशदाते संत ग्रेगरी

सुरत म्हटले की मराठी वाचकाला शिवाजी महाराजांची १६६४ सालची स्वारी आठवते. त्याच शहराच्या कतारगाम भागात डच वखारवाल्यांचे घुमटाकार मकबरे उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी आर्मेनियन व्यापाऱ्यांची दफनभूमी आहे. मकबऱ्यांसारखा थाट येथे नाही. आहेत त्या जमिनीलगतच्या शिळा, आणि त्यांवर कोरलेली अक्षरे ना रोमन आहेत, ना फारसी.

ही आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स या धर्मपंडिताने इ. स. ४०५ च्या सुमारास घडवली. धर्मग्रंथ स्वभाषेत यावेत, हा त्यामागील हेतू होता. त्याच्या आधी शतकभर आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला होता. परंपरेनुसार हे वर्ष ३०१ होय. या परिवर्तनाचे श्रेय संत ग्रेगरी यांना दिले जाते. राजा त्रदात याने त्यांना खोर विराप येथील अंधारकोठडीत तेरा वर्षे डांबले. पुढे ह्रिप्सिमे या ख्रिस्ती कुमारिकेचा वध केल्यावर राजाला उन्माद जडला आणि ग्रेगरींच्या प्रार्थनेने तो बरा झाला, अशी आख्यायिका आहे. म्हणूनच ते ‘प्रकाशदाते’ म्हणून ओळखले जातात व आर्मेनियन चर्चचे आश्रयदाते संत मानले जातात.

त्यांनी स्थापलेले एचमियाझिनचे प्रधान मंदिर पाचव्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधले गेले. जवळच ह्रिप्सिमेच्या समाधीवर इ. स. ६१८ मध्ये कोमितास या धर्मगुरूने उभारलेले चर्च आजही उभे आहे. ही वास्तू २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

या परंपरेचे लोक सुरतेत आले ते व्यापारासाठी. इराणच्या शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या आरंभी जुल्फा नगरीतील आर्मेनियनांना इस्फहानजवळ वसवले. त्या नव्या जुल्फाचे सावकार रेशीम आणि कापडाच्या व्यापारात सुरतेपासून ल्हासापर्यंत पोहोचले. जेथे वस्ती झाली तेथे चर्च उभे राहिले. कोलकात्याचे १७२४ चे चर्च आजही त्याची साक्ष देते. सुरतेचा व्यापार मुंबईकडे सरकला तसा हा समाजही पांगला. शिळा मात्र मागे राहिल्या.

गोमंतकीयांना अशा साक्षीचे मोल सांगायला नको. जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत सापडल्या, त्या जुन्या पोर्तुगीज नोंदीत त्यांची जागा लिहिलेली होती म्हणून. २०२१ मध्ये त्या अस्थींचा अंश सन्मानाने जॉर्जियाकडे सुपूर्द झाला. कतारगामच्या शिळा ही तशीच लिखित नोंद आहे. ऊन-पावसाने अक्षरे पुसली गेल्यावर पुन्हा शोधण्यासाठी दुसरी वही उरेलच असे नाही. तेव्हा संरक्षक भिंतीइतकीच निकड आहे ती प्रत्येक लेखाचे वाचन आणि ठसे करून ठेवण्याची.