ॲप एकच, डहाणूत मराठी अन् वलसाडात गुजराती. कसं?

तलासरी ओलांडली की गुजरात. तुमच्याकडे मराठीत दिसणारं ॲप तिकडच्या मित्राकडे गुजरातीत दिसतं. अँड्रॉइडमध्ये बटण कुठे, केवढं हे एक्सएमएल या मार्कअप भाषेत लिहितात. त्यावरचे शब्द वेगळ्या फाइलींत. फोनची भाषा बदला, फक्त शब्द बदलतात.

पण डेव्हलपरने रुंदी फिक्स ठेवली, की फॉर्मवरचं ‘अर्ज सादर करा’ अर्धवट कापलं जातं. काय दाबायचं तेच कळत नाही! ‘रॅप कंटेंट’ लिहिलं असतं तर बटण मजकुराएवढं झालं असतं.

मायक्रोसॉफ्टची झॅमल, क्यूटीची क्यूएमएल याच कामाच्या. मोझिलाची झूलही तशीच, पण फायरफॉक्सनेच ती बरीचशी सोडून एचटीएमएल धरलं. २०२१ मध्ये आलेल्या गूगलच्या जेटपॅक कंपोज १.० मध्ये तर लेआउटला मार्कअपच नाही, थेट कोटलिन. शब्दांच्या फाइली मात्र अजून एक्सएमएलच्याच.